चपात्यांच्या वहीची मागची पानं: पाळी जाण्याच्या वयातल्या एका झोपमोडीचा अभ्यास

ताई पहिल्यांदा आल्या त्या नोव्हेंबरात, दुपारी दवाखाना बंद करायच्या वेळी. वय ४६. घरीच चपाती-भाजीचं काम. बँकेतले डबे आणि मुलांचं होस्टेल मिळून दीडशे-पावणेदोनशे चपात्या सकाळी साडेसातला घराबाहेर पडायला हव्यात, म्हणून उठणं साडेचारला. नवरा एसटीत कंडक्टर, मुलगी बारावीला, सासूबाई घरात. तक्रार एकच सांगितली: "मॅडम, झोप लागत नाही. लागलीच तर राहत नाही."

मी नाडी पाहिली, बीपी पाहिलं, "या वयात होतं ताई" म्हणाले, कॅल्शियम आणि बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलं आणि संध्याकाळचा चहा बंद करायला सांगितलं. चार मिनिटं लागली असतील. हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्या चार मिनिटांमुळे. त्यात मी जे विचारलं नाही ते विचारायला पुढे अडीच महिने गेले, आणि तेवढ्यात त्या बाईचा हात भाजला. त्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, म्हणून इथे त्या नुसत्याच ताई.

जानेवारीच्या शेवटी त्या परत आल्या, उजव्या मनगटाच्या वर बोटभर लांब चटका घेऊन. तव्यासमोर उभ्या उभ्या डोळा लागला होता. मलम लावता लावता विचारलं, "रात्री किती झोपला होतात?" म्हणाल्या, "गोळी घेऊन चार तास." कोणती गोळी, तर पिशवीतून पट्टी निघाली. अल्प्राझोलम, अर्धा मिलिग्रॅम. नणंदेच्या चिठ्ठीवर आणलेली. सहा आठवडे रोज एक. त्याआधी महिनाभर सर्दीची गोळी घेत होत्या, कारण "ती घेतली की गुंगी येते".

अल्प्राझोलम हे शेड्यूल एच-१ मधलं औषध. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही आणि विकलं तर दुकानदाराने वेगळ्या नोंदवहीत लिहायचं, असा नियम आहे. पण पट्टी एकदा घरात आली की ती घराची होते. नणंद, जाऊ, शेजारीण, ज्या कुणाला झोप नाही तिला त्यातली अर्धी मोडून दिली जाते. यात कुणाचं वाईट करायचा हेतू नसतो. झोप हे दुखणं आहे आणि त्याच्यासाठी दवाखान्याची पायरी चढावी, हे आपल्याकडे अजून कुणाला वाटत नाही इतकंच.

त्या दिवशी मी खुर्ची ओढून बसले आणि नोव्हेंबरातले राहिलेले प्रश्न विचारले. अंथरुणावर पडल्यावर झोप लागत नाही, की लागून मोडते? मोडते तेव्हा सगळ्यात आधी काय जाणवतं: घाम, धडधड, लघवी, पाय, की मनातले विचार? पाळी कशी येते?

पाळीच्या प्रश्नावर ताई जरा थांबल्या. गेलं दीड वर्ष कधी वीस दिवसांनी, कधी अडीच महिन्यांनी. आली की नऊ-दहा दिवस जायची नाही. पहिले तीन दिवस दर दीड-दोन तासांनी पॅड, गाठी पडायच्या. "हे आधी का नाही सांगितलंत?" यावर त्यांचं उत्तर असं: "त्यात काय सांगायचं? पाळी जायचं वय आलं. जाताना सगळं धुऊन नेते म्हणतात." त्यांनी सांगितलं नव्हतं हे खरं, पण मीही विचारलं नव्हतं.

घामाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "तव्यापुढे कुणाला घाम येत नाही?" बरोबरच होतं. रोज तीन तास दोन तव्यांपुढे उभ्या राहणाऱ्या बाईला घाम येतो, यात कुणाला आजार दिसेल? मग विचारलं, "रविवारी काम बंद असतं, तेव्हा?" त्या गप्प झाल्या. आठवून म्हणाल्या, "येतो की. टीव्हीसमोर बसले असताना येतो. छातीतून वर वाफ चढते, तोंड तापतं, मग घाम, मग हुडहुडी." आणि रात्री? साताऱ्याच्या जानेवारीत नवरा दोन वाकळा पांघरून झोपतो आणि ह्या मध्यरात्री उठून खिडकी उघडतात. त्यावरून घरात भांडणं झाली होती.

मी झोपेची नोंद ठेवायला सांगितली. छापील तक्ता हातात द्यावा तर तो फ्रिजवर जातो आणि तिथेच राहतो. ताईंकडे चपात्यांच्या हिशोबाची वही होतीच, रोज हाताखालची. म्हटलं, तिच्याच मागच्या पानापासून लिहा, सकाळी पीठ भिजवायच्या आधी दोन ओळी. पंधरा दिवसांनी वही आली. पुढून "बँक ४०, होस्टेल १००, जोशीकाका ६", आणि मागून हे:

"बुध. ९ ला पडले. पाय. १०।। ला उठून फेऱ्या. ११। नंतर लागली. २-१० घाम, ब्लाउज बदलला. ३ ला परत. ४।। गजर."

"शुक्र. पाय थोडे. १-४० घाम. ३-२० घाम, धडधड."

"रवि. पाळी आली. पॅडसाठी दोनदा उठले. पाय फार. जीव नको झाला."

माझ्याकडे आलेल्या कुठल्याही रिपोर्टपेक्षा या वहीने मला जास्त सांगितलं. चौदा रात्रींपैकी अकरा रात्री झोप लागण्याआधी "पाय" हा शब्द होता. पायांचं काय होतं विचारल्यावर म्हणाल्या, पोटऱ्यांच्या आत किडे वळवळल्यासारखं वाटतं, पाय हलवावेच लागतात, चाललं की थांबतं, पडलं की परत सुरू. संध्याकाळनंतरच होतं, दिवसभर उभं असताना नाही. हे चित्र पुस्तकात दिल्याबरहुकूम अस्वस्थ पायांच्या विकाराचं आहे. म्हणजे "झोप लागत नाही" या एका वाक्यात तीन वेगवेगळे त्रास होते. रात्रीच्या सुरुवातीला पाय, एक वाजल्यानंतर वाफा, आणि पाळीच्या दिवसांत रक्तस्राव. तिन्हींवर मी एकच चिठ्ठी लिहिली होती, कॅल्शियम आणि बी-कॉम्प्लेक्सची.

"जीव नको झाला" या शब्दांबद्दल स्पष्टच विचारावं लागतं, आडून नाही. विचारलं. म्हणाल्या, "मरावंसं नाही वाटत हो मॅडम. झोपावंसं वाटतं, कुणी उठवू नये इतकं." नैराश्य मोजायच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत २७ पैकी ११ गुण आले, म्हणजे मध्यम. चिडचिड, मुलीवर विनाकारण ओरडणं, हिशोबात चुका. होस्टेलचं बिल दोनदा चुकलं होतं आणि त्याची त्यांना हात भाजल्यापेक्षा जास्त लाज वाटत होती.

तपासणीत डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या. नाडी ९८, बीपी १३८/८६, वजन ६३ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. धडधडीसाठी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. रक्तात हिमोग्लोबिन ८.९, लाल पेशी आकाराने लहान, आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन फक्त ६. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने प्रौढ माणसात १५च्या खाली गेलं की लोहाची कमतरता धरतात. पायांच्या या विकारात तर ते ७५च्या वर असावं असं पाहतात, कारण हालचालींवर ताबा ठेवणारं डोपामिन हे रसायन तयार करायला मेंदूला लोह लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला होता. आकडा पाठ असून पापणी ओढून पाहायची राहते, हे माझ्या हातून घडलं.

थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच ४.९, किंचित वर, टी-४ व्यवस्थित. एवढ्यावर थायरॉइडची गोळी सुरू केली नाही, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचं ठरवलं. तीन महिन्यांची सरासरी साखर ५.८ टक्के, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. एफएसएच ही हार्मोनची तपासणी मात्र मुद्दाम केली नाही. ताईंच्या जावेने ती कुठेतरी ऐकली होती आणि का करत नाही असं विचारायला लावलं होतं. चाळिशीनंतरच्या या वर्षांत एफएसएच आज वर, महिन्याने खाली असं हेलकावत असतं. पंचेचाळिशीच्या पुढच्या बाईच्या पाळीची तऱ्हा आणि वाफा सांगून जातात ते त्या एका आकड्यातून कळत नाही. पैसे फेरिटिनवर खर्च करावेत.

सोनोग्राफीत गर्भाशय थोडं मोठं, भिंतीत अडीच सेंटिमीटरची एक गाठ, पण ती आतल्या पोकळीला लागत नव्हती. अस्तर ११ मिलिमीटर. पंचेचाळिशीनंतर रक्तस्राव असा बेभरवशाचा झाला तर अस्तराचा तुकडा तपासायलाच हवा, त्यात हयगय नको. माझ्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. तुकड्यात कर्करोग नाही, त्याची पूर्वतयारीही नाही. बीजांडं वेळच्या वेळी न सुटल्याने अस्ताव्यस्त वाढलेलं अस्तर, एवढंच.

या एका ओळीत सगळं प्रकरण उलगडतं, आणि ताईंनाही मी ते कागदावर काढून दाखवलं.

पाळी बंद होण्याआधीची काही वर्षं बीजकोश दर महिन्याला बीज सोडत नाहीत. बीज सुटलं तरच प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होतं. नाही सुटलं, तर इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन एकटंच अस्तर वाढवत बसतं, त्याला आवरणारं कुणी नसतं, आणि शेवटी ते अस्तर दहा दिवस कोसळत राहतं. म्हणजे अंगावरून जाणं. आता हेच प्रोजेस्टेरॉन शरीरात मोडतं तेव्हा त्यातून ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ बनतो, जो मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या रसायनाच्या ग्राहकांवर, म्हणजे रिसेप्टरवर, बसून मेंदूला शांत करतो. झोपेच्या गोळ्या साधारण त्याच ग्राहकांवर काम करतात. तर बीज सुटलं नाही म्हणून रक्त जास्त गेलं, आणि बीज सुटलं नाही म्हणून झोपेची घरचीच मात्रा बंद झाली. रक्ताबरोबर लोह गेलं, लोह गेलं म्हणून पाय वळवळू लागले. झोपेसाठी त्यांनी घेतलेली सर्दीची गोळी तर उलट परिणाम करत होती, कारण गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनी हा पायांचा त्रास वाढतो.

राहिल्या वाफा. इस्ट्रोजेन या वर्षांत नुसतं कमी होत नाही, ते हिंदकळतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचं तापमान सांभाळणारी जागा आहे. तिच्याशेजारच्या काही पेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो, तो सुटला की त्या पेशी उसळतात आणि तापमानाची सहन होणारी पट्टी अरुंद होते. एरवी अंगाचं तापमान थोडं वर-खाली झालं तर शरीर दखलही घेत नाही. आता तेवढ्यानेच ते "फार उकडलं" समजून रक्तवाहिन्या उघडतं, घाम काढतं, आणि मग गार पडून कुडकुडतं. त्याच पेशींचा निरोप अडवणारं फेझोलिनेटंट हे हार्मोन नसलेलं औषध अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झालं, म्हणजे वाफांची यंत्रणा आता बरीच हाती लागली आहे. "मनाचे खेळ" म्हणून वाफांना झटकून टाकणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आणि हे किती चालतं? आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. शेवटच्या पाळीनंतर सलग बारा महिने काही आलं नाही की मग ती गेली म्हणायचं. पण त्रास तिच्या कितीतरी आधीपासून सुरू होतो. अमेरिकेत १९९६ पासून तीन हजारांहून जास्त स्त्रियांच्या मागे वर्षानुवर्षं चाललेल्या 'स्वान' अभ्यासात, ज्यांना वाफा वारंवार येत होत्या त्यांच्यापैकी निम्म्या जणींना त्या ७.४ वर्षांहून जास्त काळ पुरल्या. "थोडे दिवस सहन करा" म्हणताना मी आता हा आकडा आठवते. त्या अभ्यासात आपल्या बायका नव्हत्या. पण सात वर्षं रात्री दोनला उठायचं आणि साडेचारला कणीक मळायची, हे कुठल्याच देशात थोडे दिवस होत नाही.

मधल्या काळात ताई आणखी एका ठिकाणी दाखवून आल्या होत्या. तिथे सांगितलं गेलं, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." घरातही हे पटण्यासारखं होतं. ओळखीतल्या चार-पाच जणींची काढलेली होतीच. या "कटकट मिटेल"ची आपल्या राज्याने मोजलेली किंमत आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि ८२ हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. काही आजारांत ती काढावीच लागते, याबद्दल वाद नाही. पण तिच्याबरोबर बीजकोशही गेले तर पाच-सात वर्षांत उतरणारी हार्मोन्स एका दिवसात उतरतात, वाफा आणि झोपमोड आणखी जोरात येते. बीजकोश ठेवले तरीही पाळी जाण्याचा काळ काहीसा अलीकडे येऊ शकतो. ताईंची तर झोप गेली होती. ती परत आणण्यासाठी पिशवी काढणं म्हणजे छप्पर गळतंय म्हणून घर पाडणं.

उपचारांचा क्रम आम्ही वहीवरून ठरवला. आधी रक्त.

हिमोग्लोबिन ८.९ असताना, आणि पुढची पाळी पुन्हा तितकंच नेणार असताना, गोळ्यांनी भर पडायला फार वेळ लागला असता. शिवाय लोहाच्या गोळ्यांनी त्यांना पूर्वी पोटात मळमळ व्हायची. म्हणून शिरेतून लोह द्यायचं ठरलं, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, एकदा १००० मिलिग्रॅम आणि आठवड्याने ५००, रुग्णालयात, देखरेखीखाली. जेवणावर चहा घ्यायची सवय होती, ती तोडली, कारण चहातलं टॅनिन अन्नातलं लोह शोषू देत नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर, एवढंच सांगितलं. चहाच सोडा म्हटलं असतं तर काहीच ऐकलं गेलं नसतं, आणि न ऐकणं योग्यही ठरलं असतं.

रक्त जाणं थांबवायला गर्भाशयात लिव्होनॉर्जेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन सोडणारी तांबी बसवली. खरं तर तिच्यात तांबं नसतं, पण आपल्याकडे सगळ्यांना तांबीच म्हणतात. ती अस्तर पातळ ठेवते. पहिले तीन महिने मात्र तिने छळलं. रोज थोडा थोडा डाग. ताई दोनदा "काढून टाका" म्हणत आल्या. हे असं होणार हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून त्या थांबल्या. आधी न सांगता बसवलेल्या किती तांब्या तिसऱ्या महिन्यात निघतात, हे कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारा.

अल्प्राझोलम एकदम तोडलं नाही. रोज घेणाऱ्याचं एकदम तोडलं की झोप आणखी उडते, बेचैनी वाढते. सहा आठवड्यांत हळूहळू उतरवत आणलं. शेवटची पाव गोळी सोडायला त्या घाबरत होत्या, तिथे आठवडाभर जास्त घेतला.

आणि अंथरुणाचं वेळापत्रक. दीर्घ निद्रानाशात गोळीच्या आधी झोपेची वर्तनोपचार पद्धत वापरावी, ही आता सर्वमान्य शिफारस आहे. वाफा येणाऱ्या बायकांमध्ये तर फोनवरून दिलेल्या या पद्धतीचाही उपयोग दिसला आहे. पण पुस्तकातली पद्धत दोन खोल्यांच्या घरात तशीच्या तशी बसत नाही. ताई दमून नऊलाच आडव्या व्हायच्या आणि दोन-अडीच तास कुशी बदलायच्या. ते बंद केलं. पावणेअकराच्या आधी अंथरुणाला पाठ लावायची नाही, गजर साडेचारलाच. दुपारी डबे परत आल्यावरची दीड तासाची झोप वीस मिनिटांवर आणली. मध्यरात्री जाग आली आणि झोप येत नसेल तर अंथरुण सोडायचं, हा पद्धतीतला मुख्य नियम. पण सोडून जायचं कुठे? बाहेरच्या खोलीत सासूबाई, आतल्या खोलीत नवरा आणि मुलगी. शेवटी मागच्या दाराची पायरी ठरली. दार लोटून, शाल घेऊन, मोबाइल न घेता. मोबाइल आत उशाशी पालथा, म्हणजे किती वाजले ते दिसायला नको.

त्या पायरीवर पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. ताई बसल्या होत्या, मागून सासूबाई आल्या. या घरात सासूला आत्या म्हणतात. आत्यांचं आजवर एकच म्हणणं होतं, "आमच्या वेळी नव्हतं असलं काही." त्या रात्री त्या शेजारी बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "मीबी बसायचे गं हितंच. तुझं सासरं म्हनायचं, हिला बाहेरचं लागलंय." ताईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या रडत नव्हत्या, पण बोलताना मध्ये थांबत होत्या. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा भाजीचा निवडा आत्यांनी स्वतःकडे घेतला. नवऱ्याची दुपारची ड्यूटी असेल त्या दिवशी पहाटेची कणीक तो मळू लागला आणि ताईंचा गजर साडेपाचवर गेला. आठवड्यातून तीन दिवस एक तास जास्त झोप. हे कुठल्या औषधाने दिलं नसतं, आणि हे झालं नसतं तर औषधं अर्धीच लागू पडली असती, असं माझं मत आहे.

मार्चच्या मध्यापर्यंत वहीतून "पाय" गेले. चौदा रात्रींत दोनदा. पावणेअकराला पडल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत झोप लागू लागली. बारावीचा शेवटचा पेपर झाला त्या आठवड्यात ताई पहिल्यांदा हसत आल्या. पण दोनचा घाम तसाच होता, रात्री तीन-चार वेळा. एप्रिलच्या उकाड्यात तो वाढला.

तेव्हा हार्मोनचा विषय काढला. "त्याने कॅन्सर होतो म्हणे", पहिलंच वाक्य. ही भीती कुठून आली ते त्यांना सांगितलं. अमेरिकेतल्या 'वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या चाचणीतला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन एकत्र देण्याचा भाग जुलै २००२ मध्ये मध्येच थांबवला गेला आणि जगभर डॉक्टरांनीही हात आखडते घेतले. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. ताई ४६ च्या. स्तनाच्या कर्करोगाची वाढ होती, वर्षाला दहा हजार स्त्रियांमागे आठच्या आसपास जास्त. आकडा शून्य नाही आणि तो लपवायचाही नाही. पण साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास खरोखर जास्त असेल आणि मनाई करणारं काही नसेल, तर बहुतेक जणींमध्ये फायदा तोट्याहून जास्त ठरतो, असं आज तज्ज्ञ संघटना सांगतात. मनाई म्हणजे स्वतःला स्तनाचा कर्करोग झालेला असणं, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असणं, यकृताचा चालू आजार, कारण न कळलेला रक्तस्राव. ताईंमध्ये यातलं काही नव्हतं. रक्तस्रावाचं कारण कळलं होतं, मॅमोग्राफी व्यवस्थित आली, बीपी १२८/८२ वर उतरलं होतं.

त्यांनी आठवडाभर मागितला. नवऱ्याशी बोलल्या, मुलीने काय काय वाचून दाखवलं, मग हो म्हणाल्या. कमी मात्रेचं इस्ट्राडिओल जेल, रोज रात्री दंडावर. त्वचेतून दिलं की ते आधी यकृतातून जात नाही, म्हणून गोळीपेक्षा गुठळ्यांची भीती कमी. गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन कधीच द्यायचं नाही, अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ते अस्तर सांभाळायला गर्भाशयातली तांबी आधीपासून होतीच, तिची निवड करताना स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी हे डोक्यात ठेवलं होतं. हे जेल कुणी स्वतःहून दुकानातून आणू नये म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

तिसऱ्या आठवड्यात वाफा उतरल्या. मे महिन्यात, पंखा पाचवर असताना, वहीत सलग चार रात्री "घाम" नाही. पाचव्या रात्री एकदा, आणि शेजारी लिहिलेलं: "आईस्क्रीम खाल्लं होतं म्हणून?" त्याचा संबंध नसावा.

ऑगस्टमध्ये सहा महिन्यांचा हिशोब केला. हिमोग्लोबिन १२.१, फेरिटिन ८८. टीएसएच आपोआप ४.१ वर आलं, गोळी लागली नाही. नैराश्याच्या प्रश्नावलीत ११ चे ५ झाले, त्यासाठी वेगळं औषध द्यावं लागलं नाही. काही जणींना लागतं आणि ते द्यावं. झोप सरासरी सव्वापाच ते सहा तास. आठ तास कधीच होणार नाही, चपात्यांचं काम चालू आहे तोवर. रात्री एकदा जाग येते, पण आता ती लघवीची साधी जाग आहे. साखर ५.८ होती, ५.७ झाली. वजन जिथे होतं तिथेच. या वयात वजन जिथल्या तिथे राहिलं तरी मी समाधानी असते, पण साखरेमुळे यावर पुढे काम करावं लागेल.

एक काम अडलं आहे. नवऱ्याने मार्चमध्ये सहज सांगितलं होतं की ही घोरते, आणि अलीकडे घोरता घोरता थांबते. प्रोजेस्टेरॉन श्वसनाला चालना देतं, ते कमी झालं की पाळी जाण्याच्या सुमारास घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं वाढतं. बायकांमध्ये हे निदान सर्रास हुकतं, कारण घोरणारा म्हणजे जाड मानेचा पुरुष, असं चित्र सगळ्यांच्या डोक्यात, डॉक्टरांच्याही. झोपेची तपासणी सुचवली आहे. खर्च आणि एका रात्रीचं काम बुडणं, या दोन कारणांनी ती दोनदा पुढे गेली. दिवाळीच्या ऑर्डरी संपल्या की करू म्हणाल्या आहेत. मी तारीख लिहून ठेवली आहे.

आणि ज्या नणंदेची पट्टी होती ती अजून चालू आहे, तीन वर्षं झाली म्हणे. वय ४९. पुढच्या मंगळवारी ताई तिला घेऊन येणार आहेत. पंधरा दिवसांची वही आधी लिहून आण, असा निरोप ताईंनीच परस्पर दिला आहे, आणि पाळीबद्दलही लिही म्हणून बजावलं आहे.